नववीचा सदरा



प्रताप मिलच्या या गावाला कापडाची महती मी काय सांगावी? 'श्यामची आई'तला श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावाला कोट शिवून नेतो. फाटके कापड पोराला किती बोचते, हे सानेगुरुजी जाणत; १९२४ ते १९३० ते इथेच शिक्षक होते.

सरकारी मोफत गणवेश आठवीला संपतो. नेमके पोर आरशात पाहू लागते, तेव्हा सदरा बापाच्या मजुरीवर येतो. मग उसवलेली बाही झाकीत ते मागच्या बाकावर बसते, फळ्याकडे जात नाही. आणि मास्तर म्हणतात, ढ आहे! बोनस कशाला हवा, असे मालक विचारतात. याच सदऱ्याला, साहेब!

गणवेश दहावीपर्यंत द्या, आणि माप घेऊन शिवा. २०२४ साली राज्यभर एकच गणवेश काढला, तेव्हा कित्येक शाळांत मापेच चुकली होती.