पी.एल.सी.ची जोडणी : तार तुटली तर पंप बंदच पडला पाहिजे



ठिबक सिंचन आणि हरितगृह स्वयंचलित करण्यासाठी पी.एल.सी. म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारा नियंत्रक वापरता येतो. जेथे रात्रीच्या पाळीने वीज मिळते, तेथे त्याचा विशेष उपयोग होतो. परंतु जोडणी चुकली, तर आपण झोपेत असताना कोरड्या विहिरीवर पंप चालून मोटर जळू शकते. म्हणून पेटीचे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे आणि आपण पुढील बाबी तपासाव्यात.

इनपुट म्हणजे नियंत्रकाला मिळणारी खबर. विहिरीतील फ्लोट स्विच, पाइपवरील प्रेशर स्विच, चालू-बंद बटणे ही इनपुटला जोडतात. येथे बहुधा 24 व्होल्ट डी.सी. वापरतात. नियंत्रक विहिरीत डोकावत नाही. तारेतून व्होल्टेज आले की नाही, एवढेच त्याला कळते. म्हणून पाणी पुरेसे असेपर्यंत फ्लोट स्विचचे सर्किट जोडलेले राहावे आणि पाणी खाली गेले की तुटावे, अशी जोडणी करावी. मग उंदराने तार कुरतडली तरी नियंत्रक ‘पाणी नाही’ असेच समजेल आणि पंप बंद करील. उलट जोडणीत तार तुटल्याचे कळतच नाही.

आउटपुट म्हणजे नियंत्रकाचा हुकूम. रिले आउटपुटची क्षमता साधारणतः 2 अँपिअर असते, तर साडेसात अश्वशक्तीची थ्री फेज मोटर सुमारे 11 अँपिअर घेते. थेट सुरू होताना हा प्रवाह सहापट होतो. म्हणून मोटर आउटपुटला कधीही थेट जोडू नये. आउटपुटने कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी व कॉन्टॅक्टरने मोटर. ओव्हरलोड रिलेचा संपर्क आणि तातडीचे बंद बटण याच कॉइलच्या तारेत ओळीने जोडावे, म्हणजे नियंत्रक बिघडला तरी मोटर बंद करता येते.

कॉइल बंद होताना व्होल्टेज उसळते आणि आउटपुटचे संपर्क खराब होतात. त्यासाठी डी.सी. कॉइलवर उलट दिशेने डायोड व ए.सी. कॉइलवर आर.सी. सप्रेसर बसवावा. ठिबकचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह बहुधा 24 व्होल्ट ए.सी.वर चालतात, त्यांना वेगळा ट्रान्सफॉर्मर व फ्यूज द्यावा. इनपुटच्या तारा मोटरच्या केबलसोबत एकाच पाइपातून नेऊ नयेत. पेटीला अर्थिंग हवेच.

काम संपल्यावर एक चाचणी अवश्य घ्यावी. मुख्य स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून फ्लोट स्विचची एक तार सोडवून घ्यावी, पेटी बंद करावी आणि मग लाइन देऊन पंप सुरू करून पाहावा. पंप सुरू झाला, तर जोडणी किंवा प्रोग्रॅम चुकला आहे असे समजावे. तो दुरुस्त होईपर्यंत पंप नियंत्रकाच्या भरवशावर सोडू नये.