दिवसाच्या तीन ओळी



शेजारच्या काकूंनी एकदा माझ्या आईला विचारलं, “तुमचा मुलगा घरी बसून नेमकं काय करतो हो?” आई म्हणाली, “कॉम्प्युटरसमोर बसून लोकांना विचारतो, तुमचं कुठे अडलंय.” माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मलाही कधी जमलं नाही. मी अ‍ॅजाइल कोच आहे. सॉफ्टवेअर मी लिहीत नाही. ते लिहिणाऱ्या टीमचं काम कुठे रखडतं, माणसं एकमेकांशी कुठे बोलायची थांबतात, हे त्यांचं त्यांना दिसावं म्हणून मी मदत करतो.

‘अ‍ॅजाइल’ हा शब्द या क्षेत्रात रुजला तो २००१ च्या फेब्रुवारीत. अमेरिकेत यूटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे १७ जाणकार जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला. त्याच्या जोडीला १२ तत्त्वं आहेत. त्यांतलं एक सांगतं, की माहिती पोचवायला समोरासमोर बोलण्यासारखा मार्ग नाही. आणि अगदी शेवटचं सांगतं, की टीमनं ठरावीक काळानं थांबून मागं पाहावं आणि वागण्यात बदल करावा. त्यासाठीची बैठक म्हणजे रेट्रोस्पेक्टिव्ह, आमच्या बोलीत ‘रेट्रो’.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि समोरासमोर बोलणं एकदम हातचं गेलं. माझ्यासारखे कितीतरी कोच आजही घरूनच काम करतात. उरलं ते शेवटचं तत्त्व. पण गंमत बघा, दर दोन आठवड्यांनी टीमचा रेट्रो घेणारा मी, स्वतःचा रेट्रो मात्र कधीच घेत नव्हतो.

ऑफिसला जायचो तेव्हा तो न ठरवता होत असे. हिंजवडीहून कोथरूडला यायला कधी सव्वा तास, कधी दोन तास. वाकडला बस अडकली की दुपारची बैठक पुन्हा डोळ्यांपुढून जायची. त्या नव्या मुलीचं बोलणं आपण उगीच तोडलं, हे बसमध्येच उमगायचं. घरून काम सुरू झालं तेव्हा प्रवास वाचला म्हणून मी खूश होतो. विचार करायची माझी जागाही त्या बसबरोबर गेली, हे कळायला वर्ष गेलं. आता लॅपटॉप मिटला की चौथ्या पावलावर स्वयंपाकघर!

म्हणून पहिली सवय सांगतो. काम संपलं की फोन घरी ठेवून पंधरा मिनिटं चालून या. अमेरिकेतल्या टीमशी रात्री उशिरा बोलत असाल तर गच्चीवर फेऱ्या मारा. ही तुमची परतीची बस समजा.

दुसरी सवय वहीची. रोज फक्त तीन ओळी. पहिल्या ओळीत आज काय दिसलं, काय ऐकलं. दुसरीत, त्याचा मी काय अर्थ लावला. तिसरीत, उद्या कोणती एक गोष्ट वेगळी करीन. पहिल्या दोन ओळी वेगळ्या ठेवणं, हेच खरं अवघड काम. माझा अनुभव सांगतो. टीममधला एक जण सलग तीन रेट्रोंना कॅमेरा बंद ठेवून गप्प बसला. मी वहीत लिहिलं, ‘याला कामात रस नाही.’ दुसऱ्या दिवशी वाचताना लक्षात आलं, की हा सगळा माझा अर्थ. दिसलं एवढंच होतं, की कॅमेरा बंद आहे. मग त्याला एकट्याला फोन केला. घर एका खोलीचं, बाजूला मुलीची ऑनलाइन शाळा, मागे कुकरच्या शिट्ट्या. संकोचानं तो गप्प राहायचा. त्यानंतर तो आपली मतं आधी लिहून पाठवू लागला, आणि त्यातली काही आमच्या चर्चेतली सर्वांत उपयोगाची ठरली.

डोनाल्ड शॉन या अमेरिकी विचारवंतानं १९८३ च्या ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ या पुस्तकात दोन प्रकारचं चिंतन सांगितलंय. एक काम करता करता, दुसरं काम झाल्यावर. स्क्रीनवर चेहरे पोस्टाच्या तिकिटाएवढे दिसतात. कोण अस्वस्थ आहे, कोणी कोणाकडे पाहिलं, हे तिथल्या तिथे कळत नाही. त्यामुळे पहिल्या प्रकाराची उणीव दुसऱ्यानं भरून काढावी लागते.

तिसरी सवय शांततेची. टीमच्या परवानगीनं मी एका रेट्रोचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि खजील झालो. प्रश्न विचारून मी जेमतेम तीन सेकंद थांबायचो, आणि उत्तरही मीच द्यायचो. आता प्रश्न विचारला की स्वतःला म्यूट करतो आणि मनात दहा अंक मोजतो. सहा-सातच्या आसपास कोणीतरी बोलतंच.

चौथी सवय सोबतीची. आपल्याच कामातला, पण दुसऱ्या कंपनीतला एक मित्र गाठा. महिन्यातून एकदा तासभर बोला. त्यानं सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचं. आणि टीममधल्या कोणाचं नाव तिथे घ्यायचं नाही, वहीतही लिहायचं नाही. लोक विश्वासानं बोलतात, तो विश्वास आपल्याकडे ठेव म्हणून असतो.

एक धोकाही सांगतो. काहींची वही म्हणजे स्वतःवरचं आरोपपत्र होतं. नॉर्मन कर्थ यांनी रेट्रोसाठी एक पथ्य घालून दिलंय. त्या वेळी जे माहीत होतं, जे हाताशी होतं, त्यात प्रत्येकानं शक्य तेवढं चांगलं काम केलं, असं मानूनच मागं पाहायचं. टीमला हे पथ्य आम्ही दर वेळी वाचून दाखवतो. तेच स्वतःलाही लागू करा.

श्रोतेहो, तुम्ही कोच नसाल. शिक्षक असाल, बँकेत असाल, घर सांभाळत असाल. तरी आज रात्री एक साधी वही घ्या आणि तीन ओळी लिहा. पंधरा दिवसांनी त्या सलग वाचा. कुठे अडलंय, ते तुमचं तुम्हालाच दिसेल.