प्रातोच्या व्यापाऱ्याच्या वह्या

(अभ्यासवर्गातील व्याख्यान)



भांडवलशाहीची कथा मँचेस्टरच्या गिरण्यांपासून सांगण्याचा प्रघात आहे. परंतु तिची पहिली पावले त्यापूर्वी चारशे वर्षे इटलीच्या नगरांत उमटली होती. तस्कनीतील प्रातो येथील फ्रान्चेस्को दातीनी या व्यापाऱ्याच्या चरित्रात ती स्पष्ट दिसतात.

दातीनीचा जन्म १३३५ च्या सुमारास एका मद्यगृह चालविणाऱ्याच्या घरी झाला. १३४८ च्या प्लेगने त्याला पोरके केले. पोपचे वास्तव्य असलेल्या आव्हिन्यों नगरात जाऊन शस्त्रे व चिलखते विकून तो धनाढ्य झाला आणि १३८३ साली मायदेशी परतला. पुढे फ्लॉरेन्स, पिसा, जिनोआ, बार्सिलोना, व्हॅलेन्शिया व माजोर्का येथे त्याच्या पेढ्या उभ्या राहिल्या. चर्चने व्याज निषिद्ध ठरविले होते. तेव्हा ते हुंडीच्या विनिमयदरात दडवले जाई. खातेवहीच्या शिरोभागी ईश्वर आणि नफा यांची नावे शेजारी शेजारी असत.

हा नफा येई कोठून? १३९४ साली त्याने माजोर्काच्या पेढीकडे लोकर मागविली. प्रातोत ती पिंजली गेली. सूतकताई, विणाई, रंगाई अनेक हातांतून झाली. सहा तागे तयार झाले. शेवटचा माल विकला गेला तो १३९८ मध्ये. दातीनीचा कारखाना नव्हता. कामकरी बहुधा आपापल्या घरी उक्त्या मजुरीवर राबत. लोकर मात्र प्रत्येक टप्प्यावर व्यापाऱ्याचीच राही. घरकामास विकत घेतलेल्या दासी होत्या. त्यांपैकी लुचियापासून त्याला कन्याही झाली.

या व्यवस्थेला आव्हान मिळाले होते. १३७८ साली फ्लॉरेन्सचे लोकर-कामगार, 'चोंपी', स्वतःचा संघ मिळावा म्हणून उठले आणि त्यांनी नगरसत्ता हाती घेतली. काही आठवड्यांतच त्यांचा संघ मोडण्यात आला. १३८२ मध्ये धनिकांची सत्ता पुन्हा दृढ झाली. त्यानंतर सुमारे वर्षभरात दातीनी परतला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. प्रातो तेव्हा फ्लॉरेन्सच्याच अमलाखाली होते.

१४१० साली मरताना त्याने सुमारे सत्तर हजार फ्लोरिन गरिबांच्या संस्थेस ठेवले. हे औदार्य खरे. पण ते ज्यांच्या श्रमातून साठले, त्यांना ते मजुरी म्हणून नव्हे, भिक्षा म्हणून परत मिळाले.

१८७० साली त्याच्या वाड्यात सुमारे दीड लाख पत्रे व पाचशेहून अधिक वह्या सापडल्या. व्यापाऱ्याने त्या नफ्याचा हिशेब ठेवण्यासाठी लिहिल्या होत्या. कातणाऱ्या स्त्रीला त्यांत मजुरीच्या एका ओळीपुरतेच स्थान आहे. पण तीच ओळ आज तिच्या बाजूने साक्ष देते.