खाटेजवळची जागा
(घोरावाडी येथे भरलेल्या वैद्यकीय परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



लोकलगाडी क्षणभर थांबून पुढे जाते अशा या मावळातील घोरावाडीस अतिदक्षता विभागाच्या प्रश्नावर परिषद भरावी, याचे कोणास नवल वाटेल. परंतु ज्या मावळातून जुना मुंबई-पुणे रस्ता, द्रुतगती मार्ग आणि लोहमार्ग असे तिन्ही जातात, ज्याच्या भातखाचरांत पावसाळाभर सर्पदंशाचे भय असते आणि ज्याच्या तळेगावभोवती कारखाने वाढत आहेत, त्या मावळाला हा प्रश्न पुण्यामुंबईइतकाच निकटचा आहे.

अतिदक्षता विभागाचा जन्म यंत्रातून झाला, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. १९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ पसरली आणि श्वासयंत्रे अगदी मोजकी उरली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेत नळी बसवून रबरी पिशवी हाताने दाबत राहण्याची तजवीज केली. आणि सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने, रात्रंदिवस, त्या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांना श्वास देत राहिले. इब्सेन यांनी पुढील वर्षी स्वतंत्र विभाग उभारला, तो या अनुभवावर. म्हणजे या विद्येच्या आरंभी खाटेजवळ माणूस बसलेला होता. यंत्रे वाढल्यावर माणूस दूर सरला, यात दोष यंत्राचा नसून आपण पाडलेल्या शिरस्त्याचा आहे.

मण्यारीच्या दंशाचे उदाहरण आपल्यासमोर ठेवतो, कारण ते आपल्या मातीतले आहे. जमिनीवर निजलेल्या माणसाला ती रात्री चावते. वेदना नाममात्र, सूज बहुधा नाहीच. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, घास गिळवत नाही आणि अखेर श्वासाचे स्नायू निकामी होतात. व्हेंटिलेटरवरचा असा रुग्ण डोळे उघडू शकत नाही, बोट हलवू शकत नाही, क्वचित त्याच्या बाहुल्याही प्रकाशाला दाद देत नाहीत; पाहणाराला तो गतप्राय भासतो, आणि तरीही तो जागा असतो, ऐकत असतो. वेळीच प्रतिविष आणि श्वासाला आधार मिळाल्यास असा माणूस आपल्या पायांनी घरी जातो, हे नारायणगावी डॉ. सदानंद राऊत यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे केलेल्या कामामुळे आता सर्वांस ठाऊक आहे. पवन मावळातील अशाच एका शेतकऱ्याने, नळी काढल्यानंतर बसलेल्या आवाजात, आपल्या खाटेभोवती झालेले बोलणे मला ऐकवले : खाट केव्हा रिकामी होईल याची चौकशी, पाळी बदलतानाची थट्टा, आणि दर दोन तासांनी एका सिस्टरने म्हटलेले, ‘दादा, आता डाव्या कुशीवर घेते हं, घाबरू नका.’ त्या आवाजाची तो वाट पाहत असे. तो ऐकू आला की रात्रपाळी सुरू झाली, असे त्याला कळे.

दाराबाहेर त्याची बायको जिन्याखाली सतरंजी टाकून होती. ‘अमक्यांचे नातेवाईक कोण?’ अशी हाक आली की तिच्या पोटात गोळा उठे, कारण ती हाक औषधाच्या चिठ्ठीसाठी, पैशाच्या तगाद्यासाठी किंवा सहीसाठीच असे. आत जाण्यास मज्जाव, तो संसर्गाच्या नावाखाली. हात धुण्याची शिस्त पाळली तर भेटींची मुभा वाढवल्याने संसर्ग वाढत नाही, असे इटली व ब्राझीलमधील अभ्यासांत दिसून आले आहे. ब्राझीलमधील, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांचा बुद्धिभ्रम कमी झाला नाही, हेही मी प्रामाणिकपणे सांगतो, परंतु नातलगांची चिंता आणि खिन्नता निश्चितपणे घटली. तेवढेही मला पुरेसे वाटते. करोनाच्या दिवसांत किती घरांनी आपल्या माणसाचे अखेरचे दर्शन फोनच्या पडद्यावर घेतले, हे आठवले म्हणजे विनाकारण दार बंद ठेवण्याचे धाडस होऊ नये.

मात्र हे सारे ओझे पुन्हा सिस्टरांच्याच शिरावर टाकणे हा अन्याय होईल. १९७३ पासून १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांच्या एकामागून एक आलेल्या पिढ्यांनी अरुणा शानबाग या आपल्या सहकारिणीला सांभाळले. सर्वोच्च न्यायालयानेही त्यांच्या सेवेचा गौरव केला. अशा निष्ठेवर विसंबून आपण मनुष्यबळाची काटकसर करतो. व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका, हे मान्य प्रमाण कागदावर आहे. प्रत्यक्षात तिघांच्या नळ्या, पंप आणि दप्तर सांभाळणारीने चौथ्याशी गोड बोलावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? पहाटे एक रुग्ण दगावला आणि घटकाभरात त्याच खाटेवर दुसरा आला, तर मधल्या वेळात तिला पाणी पिण्यापुरतीही फुरसत मिळत नाही.

आणखी एक विषय ओझरता काढतो. असाध्य अवस्थेत यंत्रांवर ठेवू नये, असे आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने मिळाला, आणि २०२३ साली त्याची रीत सोपी होऊन नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर तो दस्तऐवज करता येऊ लागला. गावोगावच्या डॉक्टरांनी ही माहिती माणूस धडधाकट असतानाच द्यावी. दाराबाहेरच्या बाकावर ती देणे क्रूरपणाचे होते.

दुपारच्या बैठकीत तीन ठराव यावयाचे आहेत. त्यांपैकी परिचारिकांच्या संख्येचा ठराव प्रथम घ्यावा आणि त्यावर सिस्टरांनी आधी बोलावे, अशी अध्यक्ष या नात्याने माझी सूचना आहे; भेटीच्या वेळांचा ठराव त्यानंतर घेऊ, कारण पहिला मंजूर होऊन अमलात आल्याखेरीज दुसरा पाळला जाणार नाही.