तकियातली चूल



गाझाबद्दल मी तुम्हाला सांगायची गरज नाही. ते तुमच्या स्टेटसवर रोज असतं, असायलाच हवं. आज मी सुदानबद्दल बोलणार आहे. अल-फाशिर हे नाव ऐकलेल्यांनी हात वर करा. बघा, पाच-सहाच हात.

15 एप्रिल 2023 ला, रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत, तिथे युद्ध पेटलं. एकीकडे देशाचं लष्कर, दुसरीकडे आरएसएफ हे निमलष्करी दल. दोन्ही सेनापती मुसलमान, आणि उपाशी मरणारेही बहुतेक मुसलमानच. आपण गप्प आहोत त्याचं कारण मला इथेच दिसतं. जालीम दुसऱ्या धर्माचा असला की आपला आवाज चढतो. आपलाच असला की आपल्याला एकदम ‘परिस्थिती गुंतागुंतीची’ वाटू लागते.

अल-फाशिर हे डार्फरमधलं शहर. आरएसएफने मे 2024 पासून त्याला वेढा घातला. जून 2025 च्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांचे 15 ट्रक पोर्ट सुदानहून 1800 किलोमीटर चालून अल-कोमाला पोचले. शहर उरलं होतं साधारण 80 किलोमीटर. ताफ्याचा मार्ग दोन्ही बाजूंना आधीच कळवलेला होता. पुढे जाण्याबद्दल बोलणी चालू असतानाच ताफ्यावर हल्ला झाला. पाच माणसं गेली, ट्रक जळाले. दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखवलं. आत शहरात लोक ‘अंबाझ’ खात होते. म्हणजे शेंगदाण्याची पेंड. आपल्याकडे ती म्हशीपुढे ठेवतात. ऑक्टोबर 2025 मध्ये शहर आरएसएफच्या ताब्यात गेलं.

ट्रक पोचत नाहीत तिथे जेवण कोण देतं? मोहल्ल्यातली पोरं-पोरी आणि बायका. तिथे सार्वजनिक चुलीला ‘तकिया’ म्हणतात. आपल्या गावात फकिरांचा तकिया असतो ना, त्याच घराण्यातला शब्द. सुफी खानकाहांमध्ये वाटसरूला जेवू घालायची जुनी रीत होती, ती युद्धात मोहल्ला समित्यांनी उचलली. मोठ्या पातेल्यात मसूर किंवा ज्वारीच्या पिठाची आसिदा. रांगेतल्याला तू कोणत्या टोळीचा, असं विचारायचं नाही. याच ‘न विचारण्या’साठी दोन्ही बाजूंनी स्वयंसेवकांना पकडून नेलं आहे, शत्रूला जेवू घालता म्हणून. 2025 मध्ये या समित्यांना नॉर्वेचा राफ्तो पुरस्कार मिळाला. आपल्यापैकी किती जणांना कळलं, देव जाणे.

आता पैशाचं. ‘अल्लाह देतो’ हे खरं, पण मसूर बाजारातून आणावी लागते. परदेशातले सुदानी नातेवाईक बँकेच्या मोबाइल अॅपवर रक्कम टाकतात, ती दाखवून दुकानदाराकडून माल मिळतो. फेब्रुवारी 2024 मध्ये देशात इंटरनेट बंद पडलं, आणि खार्तूममधल्या कितीतरी चुली तेवढ्यानेच विझल्या. वर्षभराने अमेरिकेने मदत थांबवली, तेव्हा आणखी शेकडो.

मघाशी एका मुलाने विचारलं, ‘सर, मग आपण नेमकं कोणाच्या बाजूने बोलायचं?’ मी म्हटलं, त्या रांगेत उभं राहून बघ. हातात रिकामं भांडं असलं की लष्कर कोणतं आणि आरएसएफ कोणती, ट्रक कोणी अडवला एवढंच कळतं. येत्या जुम्म्याला आपल्या मशिदीत दुआ होईल तेव्हा इमामसाहेबांना एवढी विनंती करा, गाझासोबत अल-फाशिरचंही नाव घ्या. नकार आला तर कारण विचारा, आणि ते इथे येऊन सांगा.