यजमानांचं मागणं



स्वागत समितीच्या वतीनं आपणा सर्वांचं पुण्यात मनःपूर्वक स्वागत करतो. एचआयव्हीच्या लसीशी या शहराचा जुना ऋणानुबंध आहे. इथून जवळच, भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत २००५ साली भारतातली या लसीची पहिली चाचणी सुरू झाली. ३० निरोगी स्वयंसेवकांनी दंड पुढे केला. त्याच धर्तीच्या लसीनं माकडांत विषाणूला आवर घातला होता. माणसांत मात्र प्रतिसाद तोकडा पडला. माकडांतलं यश माणसांत कितपत उतरतं, हा आपल्या परिषदेचा प्रश्न पुण्यानं असा आधीच अनुभवला आहे.

आपल्या प्रयोगशाळांतली बरीच ऱ्हीसस माकडंही मूळची इकडचीच. १९७८ साली भारतानं त्यांची निर्यात थांबवली, तरी शोधनिबंधांत ‘भारतीय वंशाची’ असा उल्लेख आजही येतो. तो यायलाच हवा, कारण चिनी वंशाच्या माकडांत एसआयव्हीचा, म्हणजे एचआयव्हीच्या माकडांतल्या भाईबंद विषाणूचा, आजार सहसा सावकाश वाढतो. तुलना करायची तर आधी माकडाचं कूळ विचारावं लागतं.

एचआयव्हीच्या अनेक प्रकारांचे अंश जुळवून घडवलेल्या मोझेक लसीची गोष्ट आपण जाणताच. माणसं आणि माकडं यांचे प्रतिसाद शेजारीशेजारी ठेवून पाहिले, तेव्हा प्रतिपिंडं आणि टी-पेशी यांचं चित्र बरंच जुळलं. माकडांत ६७ टक्के संरक्षण मिळालं, हे २०१८ साली प्रसिद्ध झालं आणि आशा उंचावल्या. २०२१ साली याच मालिकेतली लस आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या तरुणींना पुरेसं संरक्षण देऊ शकली नाही. प्रतिसाद जुळला म्हणून संरक्षणही जुळेल, असं नाही. प्रयोगशाळेत विषाणू आपण निवडतो, मात्रा आणि दिवसही आपणच ठरवतो. बाहेर यातलं काहीच आपल्या हाती नसतं.

म्हणून यजमान या नात्यानं एक मागणं मागतो. टक्केवारी सांगण्याआधी माकडं कोणत्या वंशाची होती, त्यांना कोणता विषाणू दिला आणि शेवटच्या मात्रेनंतर किती आठवड्यांनी दिला, हे सांगा. आणि ज्या गटांत लस फसली, त्यांचे आलेखही पडद्यावर येऊ द्या. पुढच्या चाचणीत दंड पुढे करणाऱ्यांचं आपण तेवढं देणं लागतो.

निवास-भोजनाच्या व्यवस्थेत काही उणं राहिलं, तर आम्हांला सांभाळून घ्या. चर्चेत मात्र एकमेकांना मुळीच सांभाळून घेऊ नका.