चौकटीच्या कापडातली पोरं

आज आपण एडिनबरोच्या 'बे सिटी रोलर्स'ची आठवण काढतो आहोत. नाव अमेरिकेतल्या एका गावाचं. नकाशावर बाण फेकून निवडलं, असं सांगतात. १९७५ साली त्यांचं 'बाय बाय बेबी' ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. आखूड विजारी, त्यांना चौकटीच्या स्कॉटिश कापडाच्या पट्ट्या, समोर किंचाळणाऱ्या शाळकरी मुली! जाणकारांनी नाकं मुरडली. आम्ही म्हणतो, चाल ओठांवर राहिली ना, मग पुरे.

हिशेबाचं मात्र वाईट झालं. रेकॉर्डी लाखोंनी खपल्या, पण मानधनाच्या थकबाकीसाठी २००७ मध्ये कोर्टाची पायरी चढावी लागली. तडजोड झाली २०१६ साली. तोवर वाद्यवृंदाचा संस्थापक ॲलन लाँगम्युअर पुन्हा आपल्या जुन्या प्लंबिंगच्या कामाकडे वळून आलेला होता. २०१८ मध्ये तो गेला.